पहिला आकडा ज्याचा त्याचा

मेंढरं राखणारा माणूस कळप मोजतो, पण आकडा बोलत नाही. दिवस मावळायला तो वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कोंडाळ्याच्या, तोंडाशी उभा राहतो. मेंढरं एकामागून एक आत जातात आणि त्याची नजर त्यांच्या पाठींवरून नुसती सरकत राहते. एखादी मागं राहिली तर त्याला कळतं, कुठली राहिली तेही कळतं. पण वाटेनं जाणाऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, किती हायत?" तर तो म्हणतो, "हायत की आपली. दीडशेच्या आसपास." शंभरवाला दीडशे म्हणतो आणि दोनशेवालाही दीडशेच म्हणतो. तोंडातून निघालेल्या खऱ्या आकड्याला दृष्ट लागते, असं आमच्या भागातले धनगर मानत आले. सारजा कोळेकर अशाच घरातली.

जळोचीच्या माळावर तिच्या बापाचा, आप्पाचा, मोठा वाडा, म्हणजे मेंढरांचा कळप, होता. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचं आणि उन्हाळा सरता सरता घाट चढून माघारी यायचं, हे त्याचं वर्ष. पुढं माळावर प्लॉटांचे दगड रोवले गेले, कॅनॉलच्या कडेला ऊस आला, आणि चारायला जागा उरली नाही. आप्पानं एका हंगामात सगळी मेंढरं विकली आणि एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाला. तिथंही आत जाणारी माणसं तो मेंढरांसारखीच न्याहाळायचा. एकदा सुपरवायझरनं त्याला विचारलं, आज किती कामगार आले? आप्पा म्हणाला, "आल्यात की. बरीच हायत."

सारजा बारावी झाली. लग्न होऊन सासरी गेली ती गावातल्या गावातच, आणि नवरा राम याच्याच पाठिंब्यानं भिगवण रस्त्यावरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकली. पंचाण्णव साली बारामतीतल्या एका मेंढीपालक संघाच्या कार्यालयात तिला काम मिळालं. कार्यालय म्हणजे दोन खोल्या. एकीत लसींचा फ्रीज आणि काटे डॉक्टर, दुसरीत कॉम्प्युटर, छपाईचं खडखड करणारं यंत्र आणि सारजा. धुळीसाठी मशीनवर सगळीकडं प्लास्टिक घालतात. हिनं घोंगडीचा तुकडा घातला. काटे डॉक्टर म्हणाले, "सारजाताई, त्याला थंडी वाजते काय?" ती म्हणाली, "घोंगडीतून धूळ जात न्हाय साहेब, आप्पा तेवढ्यावर पंचवीस वर्षं कोकणात निजलाय."

शहाण्णवच्या उन्हाळ्यात संघापुढं एकच काम होतं. आदल्या साली जमीन हिरवी झाल्यावर कोवळं गवत पोटभर खाऊन मेंढरं रात्रीत फुगली आणि सकाळी आडवी सापडली. आंत्रविषार म्हणतात त्या रोगाला. त्यावर लस आहे, पण ती गवत उगवायच्या आत टोचावी लागते. एक बाटली शंभर मेंढरांची, आणि उघडली की त्याच दिवशी संपवायची. तेव्हा कुठल्या गावात किती मेंढरं आहेत ते आधी कळलं, तरच जीप आणि बर्फ यांचं नियोजन होणार होतं. संघानं माणसं पाठवली. ती आठ दिवस हिंडून आली आणि प्रत्येकानं एकच आकडा आणला.

"दोन तालुक्यांत काय एकच कळप हिंडतोय का, दीडशेचा?" काटे डॉक्टर म्हणाले.

सारजा म्हणाली, "साहेब, मी आप्पांना घेऊन जाते."

पहिल्यांदा ती दोघं सांगवीला गेली. तिथं दत्तोबा म्हणून मोठ्या कळपाचा मालक होता. आप्पाचा जुना सोबती, कोकणच्या वाटेवर एका चुलीवर जेवलेला.

"दत्तोबा, पोरगी आपली हाय," आप्पा म्हणाला. "तिच्या कानात सांग."

"कानातलं मशिनीत जातंय म्हनं."

"जाईना. मशिनीला काय डोळं हायत दृष्ट लावायला?"

"मशिनीला न्हाईत. कागदाला हायत. उद्या कागूद देवळाच्या भिताडावर लागला आन भावकीनं वाचला, मग काय करायचं?"

सारजा म्हणाली, "खरा आकडा कागदावर येणार न्हाय, आबा. माझा शब्द हाय."

दत्तोबानं तिच्याकडं बघितलं, मग आप्पाकडं. मग वाकून तिच्या कानाशी आकडा बोलला. त्या दिवसापासून लोक सांगत गेले. जिथं जाणं जमलं नाही तिथल्यांसाठी ती बाजारच्या दिवशी बाजारात जाऊन बसली. बावड्याच्या बाजारात भीमेच्या संगमाकडच्या बायका तिच्याजवळ आल्या, हिरव्या मिरच्यांच्या ढिगाआड बसून कानात बोलल्या आणि गेल्या.

आता शब्द पाळायचा होता. खरे आकडे मशीनच्या पोटात राहिले तरी चालणार होतं, पण भिंतीवर लावायच्या यादीत ते दिसायला नको होते. यादी लावणं तर भागच होतं. कुणाकडं कधी जीप येणार हे लोकांना कळायला हवं. सारजाला यावर उपाय ठाऊक होता. तिच्या मशीनमध्ये संख्या गोल करायची एक आज्ञा होती. संख्या द्यायची आणि कुठलं घर पुसायचं ते सांगायचं. एककाचं घर पुस म्हटलं की एकशे सत्त्याऐंशीचे एकशे नव्वद होतात, त्रेपन्नाचे पन्नास होतात. तिनं आधी दत्तोबाचं नाव काढून बघितलं. मग मावळणीचं, म्हणजे आत्याचं, मग चुलत्याचं. सगळ्यांचे आकडे नीट झाकले गेले. तिला फार बरं वाटलं. आप्पा जे तोंडानं करत आला ते आता मशीन करत होतं.

मग तिनं मशीनला गावोगावच्या बेरजा करायला सांगितल्या. डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं की पन्नासाच्या वर मेंढरं असतील तिथं जीप जाईल. त्याखालच्या गावांनी मेंढरं जवळच्या मोठ्या गावाला आणायची. याद्या निघाल्या, गावोगाव लागल्या, जीप फिरू लागली.

मृगाच्या अलीकडं एक दिवस दुपारी कार्यालयाच्या दारात एक बाई उभी राहिली. साठीची असेल. लुगड्याचा काचा मारलेला, हातात पिशवी, पायात गाडीच्या टायरच्या वहाणा. नरसिंहपूरच्या अलीकडच्या वस्तीवरून आलेली. तीन गाड्या बदलून आली होती. नाव बानूबाई. पाणी पुढं केलं तर घेईना.

"सारजा कोळेकर ती कोण?"

"मीच, मावशी. बसा."

"बसायला न्हाय आले. माझी मेंढरं कुठं गेली ते इचारायला आले."

सारजाला वाटलं, चोरी झाली. ती म्हणाली, "पोलिसांत सांगितलं का?"

"चोर हितंच हाय, पोलिसांत कशाला जाऊ?" बानूबाईनं पिशवी खाली ठेवली. "बावड्याच्या बाजारात तुझ्या कानात काय बोलले मी?"

सारजानं मशीनवरची घोंगडी काढली, नाव शोधलं. तिथं चार होते.

"चार म्हणालात, मावशी."

"आन देवळाच्या भिताडावर काय लिवलंय? बानूबाईपुढं पूज्य. सगळी वस्ती वाचून हसाय लागली. बनाबाई म्हणती, बानूबाई, मेंढरं इकून आलीस आन पेढं न्हाय वाटलंस. शेजारची प्रयागी, तिची सहा हायत. तिची दहा झाली. सहाची दहा, आन माझी चार मेली. ती प्रयागी आता दारात उभी ऱ्हाऊन केस इचरती, असं, दहाची मालकीण असल्यावानी."

सारजाला हसू आलं, पण ते लगेच विरलं. तिनं संगमाकडची वस्ती पडद्यावर काढली. नावं पंधरा-सोळा, बहुतेक बायकांची. कुणाची तीन, कुणाची चार, कुणाची दोन. एककाचं घर पुसलं की यातलं काहीच उरत नाही. चाराचे पूज्य, तिनाचे पूज्य. एक प्रयागबाई सहावरून दहावर चढलेली. आणि बेरीज मशीननं खऱ्या आकड्यांची केलीच नव्हती. आधी एकेकाचा आकडा गोल केला होता आणि मग त्या गोलांची बेरीज मारली होती. पन्नासाच्या वर मेंढरांची वस्ती कागदावर दहाची झाली होती. म्हणून तिथं जीप गेली नव्हती.

असं व्हायचं कारण उघड होतं. सारजा मोठ्या वाड्यात वाढलेली. मेंढरं म्हटली की तिच्या डोळ्यापुढं माळ झाकून टाकणारा कळप यायचा. तिनं आज्ञा तपासून बघितली ती दत्तोबाच्या, मावळणीच्या आणि चुलत्याच्या नावावर. दारच्या बाभळीला बांधलेली चार मेंढरं हाही कळपच, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"तुमच्याकडं टोचायला कुणी आलंच न्हाय, व्हय ना?" तिनं विचारलं.

"कोण येतंय? मोठ्या गावाला आणा म्हणं. धनी गेल्याला सात वर्षं झाली. त्याचा वाडा होता, तो पोरांनी इकला. एक ट्रकवर हाय, एक फॅक्टरीत. ही चार तेवढी मी धरून ठेवली. त्यातली दोन गाभण. उन्हात सहा कोस चालवत न्यायची त्यांना? वाटंतच गाभ टाकतील." बानूबाई आता टेकली होती, भिंतीला पाठ लावून. "नदीकाठाला लव फुटलीया बघ. भीमंला वरून पाणी आलं. गेल्या साली अशाच लवीत बनाबाईची दोन्ही गेली. माझी चार न्हाय गेली, पण यंदा काय भरवसा. मोजलीस त्याचं मला काय न्हाय, लेकी. मोजून पुसलीस ते लागलं."

सारजा उठली आणि पलीकडच्या खोलीत गेली. काटे डॉक्टर फ्रीजमधल्या बाटल्या हाताळत होते. तिनं झालेलं सगळं सांगितलं.

डॉक्टर थकलेले होते. पंधरा दिवस जीपमध्ये धूळ खाल्लेली. "ताई, बर्फ संपत आलाय. उरलेल्या बाटल्या निमगावला लावल्यात. मशीन म्हणतं तिथं दहा आहेत."

"मशीन माझं ऐकून म्हणतं, साहेब."

"मग आता काय म्हणायला लावता त्याला?"

"खरं. पण झाकून."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं नाही की कपाळाला आठी घातली नाही. ते म्हणाले, "परवा सकाळपर्यंत मला पक्की बेरीज द्या. एकट्या संगमाची नको, सगळीकडची. अशा अजून किती वस्त्या गिळल्यात ते बघू. दत्तोबासारख्यांचं मागून करू, ते काय आज मरत नाहीत."

बानूबाईला सारजानं घरी नेलं. रामनं तिला बसस्टँडवर सोडायचं ठरवलं होतं, पण तिथं आलेल्या आप्पानं तिला जाऊ दिलं नाही. दोघांच्या बोलण्यात कोकणच्या वाटेवरचा एक पाणवठा निघाला आणि मग जेवणाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी सारजा मशीनपुढं बसली. बेरजेचं सोपं होतं. आधी खऱ्यांची बेरीज मारायची, गोल करायचं ते शेवटी. अवघड होतं ते एकेकाच्या नावापुढं काय छापायचं. एककाचं घर पुसलं तर लहान मरतात. नाही पुसलं तर मोठ्यांना दिलेला शब्द मोडतो. तिनं पाटीवर आकडे लिहिले. दत्तोबाचे एकशे सत्त्याऐंशी, कुणाचे त्रेपन्न, बानूबाईचे चार. कितीतरी वेळ ती त्यांच्याकडं बघत राहिली.

एकच घर सगळ्यांचं पुसायचं, इथंच चुकत होतं. दत्तोबाच्या आकड्यात एककाला काही मोल नाही. बानूबाईच्या आकड्यात एककाशिवाय काहीच नाही. तेव्हा ज्याच्या त्याच्या संख्येतला पहिला अंक राखायचा आणि त्यामागची घरं गोल करायची. तीन अंकी असेल तर मागची दोन, दोन अंकी असेल तर मागचं एक, आणि एकच अंक असेल तर काहीच नाही. शास्त्राच्या पुस्तकात याला सार्थ अंक म्हणतात, हे तिला शाळेत शिकवलं होतं. पण तिथं ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीबद्दल होतं, मेंढरांबद्दल नव्हतं.

मशीनला हे सांगायचं कसं? गोल करायची आज्ञा घर विचारते, आणि घर तर प्रत्येकाचं वेगळं. बराच वेळ अडल्यावर तिला सुचलं की संख्येचं आधी अक्षरांत रूपांतर करून घ्यावं, म्हणजे मशीन तिच्यातले अंक मोजू शकेल. जितके अंक, त्यातून एक वजा, तितकी घरं पुसायची. तिनं तसं लिहिलं. दत्तोबाचे दोनशे झाले. त्रेपन्नाचे पन्नास झाले. एकशे चाळीसवाला कुणी होता, तो शंभरावर उतरला. बानूबाईपुढं चार आले.

तिनं छपाई सुरू केली आणि लगेच थांबवली.

दत्तोबाचे दोनशे म्हणजे झाकलेलं. पण बानूबाईचे चार म्हणजे चारच. मोठ्याच्या अंगावर पांघरूण आणि गरिबाचं उघडं. शब्द तर सगळ्यांनाच दिला होता, बावड्याच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाआडही दिला होता.

ती डॉक्टरांना म्हणाली, "बेरीज घ्या. यादी आत्ता लावू नका. आधी मी त्यांना विचारते."

बेरीज बघून डॉक्टरांनी निमगाव पुढं ढकललं. आणखी पाच वस्त्या निघाल्या होत्या, सगळ्या लहानांच्या. ठरल्या सकाळी जीप निघाली. पुढं डॉक्टर आणि ड्रायव्हर, मागं बर्फाच्या पेट्यांशेजारी सारजा आणि बानूबाई. बावड्यापुढं रस्ता काळ्या रानातून जातो. उसाच्या मध्येमध्ये नांगरून तापत ठेवलेली वावरं. नदी जवळ आली तशी काठावरची हिरवी लव दिसू लागली, अंगठ्याएवढी. डॉक्टरांनी ती बघितली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जरा रेट."

वस्तीवर मेंढरं लिंबाखाली जमली. डॉक्टर टोचत गेले. बायका आपापली मेंढरं मांडीत धरून बसल्या. प्रयागबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "डाक्टर, माझी दहा हायत. कागदावर बघा."

"मग बाकीची चार कुठं?"

"ती चरायला गेल्यात."

"एकटीच?" बानूबाई म्हणाली. "लई शहाणी मेंढरं. येताना बाजार पण करून येत्याल."

बायका हसल्या, प्रयागबाईही हसली. टोचून झाल्यावर सारजा त्यांच्यात बसली. नवी यादी कशी निघणार ते तिनं सांगितलं. मोठ्यांचे आकडे गोल होतील, पण तुमचे लहान असल्यानं आहेत तसेच दिसतील. "मी दिलेला शब्द तुमच्या बाबतीत मोडतो. नको असेल तर तुमची नावं भिंतीवर लावत न्हाय. जीप तरीबी येईल, ते डॉक्टरांनी कबूल केलंय."

नाव नको म्हणावं तर पुन्हा पूज्यच. लावावं तर उघडं. प्रयागबाई म्हणाली, माझी दहाच राहू दे. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

बानूबाई आपल्या गाभण मेंढीच्या पोटावर हात फिरवत होती. ती म्हणाली, "माझी पाच लिव."

"चार हायत की, मावशी."

"चार माझी. एक बिरोबाची."

"ती कुठं हाय?"

"ते बिरोबाला ठावं आन मला. तुला कशाला पायजे?" तिनं बायकांकडं बघितलं. "सगळ्यांनी एक देवाची धरा. कुणाची हाय, कुणाची न्हाय, कुणाला कळतंय? भिताडावर वाचणारा वाचत बसू दे."

बनाबाई पहिली हसली. "म्हंजे माझी तीन." तिनं यंदा दोन घेतली होती, देणंघेणं करून. मग एकेक जण सांगू लागली, या वेळी कानात नाही, मोकळ्यानं. तिघीचौघींनी देवाची धरली नाही, आहे तेवढंच सांगितलं. कुणी धरली आणि कुणी नाही, हे सारजालाही सगळं कळलं नाही.

डॉक्टर सिरिंज धुवून आले. त्यांनी टोचलेल्या डोसांचा आकडा आणि सारजाच्या हातातला आकडा शेजारी ठेवून बघितला.

"ताई, तुमचे दहा-बारा जास्त आहेत."

"ते देवाचे, साहेब."

"देवाला लस लागते?"

"मागवताना मागवायची. उरली तर बघू."

बारामतीला परतल्यावर तिनं ते आकडे मशीनमध्ये भरले. हे आकडे खरे नव्हते. क्लासात शिकवलं होतं की मशीनच्या पोटात खरं ठेवावं आणि दाखवताना हवं तर गोल करावं. इथं पोटातच गोल चाललं होतं. तिनं वेगळा रकाना करून डॉक्टरांनी टोचलेला आकडाही भरला, आणि बायकांनी सांगितलेला यादीच्या रकान्यात ठेवला. यादी निघाली. दत्तोबा दोनशे, बानूबाई पाच, प्रयागबाई सात.

आठवड्यानं दत्तोबा सांगवीहून येऊन म्हणाला, "दोनशे ब्येस केलंस. पण भावकी इचारती, आधीच्या कागदावर एकशे नव्वद हुती, वरची दहा कुठनं आणलीस? काय सांगू?"

"सांगा, मशिनीनं दिली."

त्या पावसाळ्यात संगमाकडच्या वस्तीवर दोन कोकरं गेली, ती कोल्ह्यानं नेली. फुगून एकही मेलं नाही. बानूबाईच्या गाभण मेंढ्या श्रावणात व्याल्या. तिनं बावड्याहून येणाऱ्या एका माणसाबरोबर सारजाला निरोप धाडला. त्या माणसानं कार्यालयात येऊन सांगितलं, "बानूबाईनं सांगितलंय, वाढलीत."

"किती?" सारजानं विचारलं.

"ते तिनं न्हाय सांगितलं."

सारजा हसली, मशीनवरची घोंगडी काढली, आणि बानूबाईचं नाव काढून, पाचाच्या जागी आता किती लिहायचे, याचा विचार करत बसली.